कर्करोग संशोधनासाठी इमेजिंगचे शास्त्रज्ञ कसे घडवावेत

कर्करोग संशोधनात इमेजिंगचे, म्हणजे शरीराच्या आतल्या प्रतिमा काढून त्या वाचण्याचे, काम करू इच्छिणारे पदवीधर वेगवेगळ्या वाटांनी येतात. कोणी भौतिकशास्त्र शिकलेले असते, कोणी अभियांत्रिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र, तर काही जण वैद्यकीय पदवी घेऊन संशोधनाकडे वळलेले असतात. यांपैकी प्रत्येकाला विषयाची एक बाजू चांगली येते आणि दुसरीची जेमतेम तोंडओळख असते. अशा विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची आखणी ज्यांना करायची आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

आखणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी: प्रशिक्षण संपताना या विद्यार्थ्यांना नेमके काय यायला हवे? माझे उत्तर असे आहे की, प्रतिमेतून काढलेला कोणताही आकडा समोर ठेवला असता तो कुठून आला, त्यात किती चूक असू शकते आणि गाठीच्या जीवशास्त्राबद्दल तो काय सांगतो व काय सांगत नाही, हे त्यांना कोणाच्याही मदतीशिवाय सांगता आले पाहिजे. यंत्र चालवणे, सॉफ्टवेअर वापरणे, शोधनिबंध लिहिणे ही कौशल्ये याच कामासाठी शिकवायची असतात. हा क्रम उलटला की विद्यार्थी सुबक रंगीत चित्रे तयार करतात, पण त्या चित्रांवर रुग्णाच्या उपचाराचा निर्णय सोपवता येईल का, या प्रश्नाशी ते अडखळतात.

दोन मार्गदर्शक, एक प्रश्न

प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दोन मार्गदर्शक द्यावेत. एक भौतिक किंवा गणिती विज्ञानातील असावा आणि दुसरा कर्करोगाच्या जीवशास्त्रातील किंवा प्रत्यक्ष रुग्णसेवेतील. दुसऱ्या मार्गदर्शकाचे नाव केवळ कागदावर राहू नये म्हणून महिन्यातून किमान एकदा तिघांनी एकत्र बसण्याचा नियम करावा. एकच मार्गदर्शक असला की प्रकल्प त्याच्या बाजूला कलतो. मार्गदर्शक भौतिकशास्त्राचे असतील, तर यंत्राची अचूकता वाढत जाते आणि ती कोणाला हवी आहे हा प्रश्न मागे पडतो. मार्गदर्शक जीवशास्त्राचे असतील, तर स्कॅनरकडे निव्वळ कॅमेरा म्हणून पाहिले जाते.

या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. सीटी स्कॅनरसाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळाले. पहिले अभियंते होते, तर दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. एमआरआयसाठी २००३ मध्ये ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते आणि पीटर मॅन्सफील्ड भौतिकशास्त्रज्ञ. पण १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात सीटीवर पहिली रुग्ण तपासली गेली, तेव्हा तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता आणि हाउन्सफील्ड यांच्यासोबत रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोझ होते. यंत्र अभियंत्याचे असले तरी पाहायचे काय, हा प्रश्न डॉक्टरांकडून आला होता.

विद्यार्थी निवडताना गुणांपेक्षा एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे. उमेदवाराने पूर्वी केलेले कोणतेही मोजमाप निवडावे, ते कितीही साधे असले तरी चालेल, आणि त्यात चूक कुठे होऊ शकली असती, ती कशी ओळखली असती, असे विचारावे. या प्रश्नात ज्याला रस वाटतो, तो उरलेले सगळे शिकू शकतो.

सुरुवातीचे काही महिने उणी बाजू भरून काढण्यासाठी राखून ठेवावेत. भौतिकशास्त्र किंवा संगणक शिकून आलेल्यांनी गाठीतील रक्तवाहिन्यांची वाढ, प्राणवायूची कमतरता, मृत पेशींचे पट्टे आणि एकाच गाठीतील पेशींचे आपापसातले फरक यांचा अभ्यास करावा. त्यासाठी पुस्तकाइतकाच पॅथॉलॉजीच्या सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्ट्यांचा उपयोग होतो. जीवशास्त्राकडून आलेल्यांनी फूरिये रूपांतर, घातांकी ऱ्हास, पॉयसाँ वितरण आणि एका संगणकीय भाषेत प्रोग्राम लिहिणे शिकावे. रसायनशास्त्रज्ञांना बहुधा एक गोष्ट लवकर उमगते आणि ती त्यांनी इतरांना शिकवावी: किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) आणि त्याला वाहून नेणाऱ्या रेणूचा शरीरातील वेग यांचा मेळ बसावा लागतो. कार्बन-११ चा अर्धायुष्यकाल सुमारे २० मिनिटांचा असल्यामुळे तो जवळच्या सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून लगेच वापरावा लागतो. प्रतिपिंडांना गाठीत पुरेसे साठण्यासाठी काही दिवस लागतात, म्हणून त्यांच्यासाठी सुमारे ७८ तास अर्धायुष्यकाल असलेले झिर्कोनियम-८९ निवडतात.

सुरक्षितता सर्वांत आधी

सुरक्षिततेचे प्रशिक्षण पूर्ण होऊन त्याची परीक्षा झाल्याशिवाय कोणालाही यंत्रांच्या खोलीत एकटे पाठवू नये. एमआरआयचा अतिवाहक चुंबक तपासणी चालू नसतानाही कार्यरत असतो, हे वाक्य सर्वांना पाठ असते. तरीही खिशातील कात्री किंवा चुंबक खेचून घेईल असा लोखंडी प्राणवायूचा सिलिंडर घेऊन आत जाण्याचा धोका कायम राहतो, कारण तो घाईतून निर्माण होतो. म्हणून नियम सांगून थांबू नये, दारापाशी थांबून खिसे रिकामे करण्याची सवय लावावी. किरणोत्साराच्या बाबतीत कमी वेळ, जास्त अंतर आणि योग्य आच्छादन ही तीन साधने आहेत. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाची शिफारस अशी आहे की, या कामातील व्यक्तीला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये आणि कोणत्याही एका वर्षात ती ५० च्या वर जाऊ नये. विद्यार्थ्यांनी आपल्या डोसमीटरची नोंद स्वतः वाचावी, कारण आपल्याच हातांना किती मात्रा मिळाली हे कळले की सिरिंज हाताळण्याची पद्धत आपोआप सुधारते.

यंत्रापाशी बसून

प्रशिक्षणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे वेळेची काटकसर करू नये. यंत्र चालवायला शिकवणे आणि यंत्रावर शंका घ्यायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे काम फँटमवरच चांगले होते. फँटम म्हणजे शरीराच्या जागी ठेवण्याची, आतले सगळे ठाऊक असलेली वस्तू.

पेट स्कॅनसाठी (शरीरात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य कुठे साठते ते दाखवणाऱ्या तपासणीसाठी) सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका फँटममध्ये १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटर व्यासाचे सहा पोकळ गोल असतात. विद्यार्थ्यांनी सहाही गोलांत फ्लोरिन-१८ चे एकसारख्या तीव्रतेचे द्रावण भरावे, भोवतालच्या पाण्यात त्याहून बरेच सौम्य द्रावण घालावे, स्कॅन करावा आणि प्रत्येक गोलातील सरासरी तीव्रता मोजावी. खरी तीव्रता सगळीकडे सारखीच असताना लहान गोल फिके दिसतात. ओल्या कागदावर शाईचा ठिपका पसरावा तशी यंत्राच्या मर्यादित सूक्ष्मतेमुळे लहान गोलातील तीव्रता भोवताली पसरते आणि आतला आकडा खाली येतो. यंत्राच्या नोंदींतून प्रतिमा तयार करण्याच्या काही पुनर्रचना पद्धतींत याच्या उलट, गोलाच्या कडा वाजवीपेक्षा उजळ येतात. पद्धत बदलून तेही दाखवावे. आलेख काढून झाला की विचारावे: केमोथेरपीनंतर रुग्णाची गाठ २८ मिलिमीटरवरून १३ मिलिमीटर झाली आणि तिच्यातील तीव्रताही घटली, तर पेशींचा ग्लुकोजचा वापर खरोखरच कमी झाला का? ज्यांनी गोल स्वतःच्या हातांनी भरले आहेत, ते उत्तर देण्यापूर्वी थांबतात. शिक्षणाच्या दृष्टीने ते थांबणे मोलाचे आहे.

त्यानंतर एसयूव्ही हा आकडा सॉफ्टवेअर न वापरता काढायला सांगावे. ऊतीतील तीव्रतेला, शरीराच्या प्रत्येक ग्रॅममागे सरासरी किती किरणोत्सार आला त्याने भागले की एसयूव्ही मिळतो. समजा ७० किलो वजनाच्या व्यक्तीला ३५० मेगाबेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य, दिले आणि स्कॅन एक तासाने झाला. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने तासाभरात त्यातील जवळपास २४० मेगाबेक्वेरेल उरतात, म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३.४ किलोबेक्वेरेल. गाठीत त्या वेळी दर मिलिलिटरला १२ किलोबेक्वेरेल मोजले गेले, तर एसयूव्ही सुमारे ३.५ येतो. ऱ्हासाची दुरुस्ती विसरली, तर तोच आकडा २.४ होतो.

आता डोस मोजणाऱ्या उपकरणाचे घड्याळ स्कॅनरच्या घड्याळापेक्षा दहा मिनिटे पुढे आहे असे धरावे. मधला काळ दहा मिनिटांनी कमी मोजला जाईल, उरलेला किरणोत्सार प्रत्यक्षापेक्षा जास्त आहे असे मानले जाईल आणि एसयूव्ही सुमारे ६ टक्क्यांनी कमी येईल. सिरिंजमध्ये २० मेगाबेक्वेरेल शिल्लक राहिले आणि ते वजा करायचे राहून गेले, तर आणखी साधारण ६ टक्क्यांची घट होईल. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि प्रतिमेकडे पाहून त्यांचा थांगपत्ता लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा कर्करोग संशोधनाशी काय संबंध, हे एवढ्या एका गणितातून समजते.

एमआरआयमध्येही असाच एक सोपा आणि फार शिकवून जाणारा प्रयोग आहे. विसरण-आधारित एमआरआयमध्ये ऊतीत पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे मोजतात. पेशी दाटीने भरलेल्या गाठीत ही हालचाल कमी असते आणि उपचाराने पेशी मेल्या की सहसा ती वाढते. शुद्ध पाण्याची नळी बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बराच वेळ ठेवली की तिचे तापमान शून्य अंश सेल्सियसवर स्थिर होते आणि त्या तापमानाला पाण्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.००११ चौरस मिलिमीटर असतो, हे ठाऊक आहे. यंत्राने वेगळे उत्तर दिले, तर दोष पाण्याचा नाही. नळी चुंबकाच्या मध्यापासून दूर सरकवून पुन्हा मोजायला सांगावे. विसरण मोजण्यासाठी लावली जाणारी जादा चुंबकीय क्षेत्रे, म्हणजे प्रवणक्षेत्रे, सर्वत्र एकसारखी नसतात, हे त्यातून दिसून येते.

एफडीजी गाठीत का साठते, हे जीवशास्त्र याच टप्प्यावर पक्के करावे. ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही मोठ्या प्रमाणात ग्लुकोजचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात. एफडीजी ग्लुकोजच्याच वाटेने पेशीत शिरते, हेक्सोकायनेज विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि पुढची प्रक्रिया होत नसल्याने ते आत अडकते. पण दाह झालेल्या जागेतील पांढऱ्या पेशीही असेच करतात, मेंदू नेहमीच उजळ दिसतो आणि मूत्राशयात ते उत्सर्जनामुळे साठते. उजळ दिसणारी प्रत्येक जागा कर्करोगाची नसते, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते.

प्राण्यांवरील प्रयोग

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे शक्य तिथे प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांना होणारा त्रास घटवणे, या कामाची चौकट आहेत. एकाच उंदराची गाठ आठवड्यांमागून आठवडे पाहता येत असल्याने इमेजिंगमुळे संख्या खरोखरच कमी होते; मात्र त्यासाठी वारंवार भूल द्यावी लागते आणि तिचा भार त्याच प्राण्यावर पडतो, हेही हिशेबात धरावे. विद्यार्थ्यांनी प्रथम अनुभवी व्यक्तीशेजारी उभे राहून चालू प्रयोग पाहावेत. उंदीर थंड पडला की त्याच्या तपकिरी चरबीत एफडीजी साठते. उपाशी ठेवल्याने आणि भुलेच्या प्रकारानेही आकडे बदलतात. म्हणून तापमान, उपवासाचा काळ, भुलेची मात्रा आणि इंजेक्शनची वेळ यांची नोंद प्रत्येक प्राण्यामागे ठेवली नसेल, तर त्या प्रतिमा विश्लेषणासाठी स्वीकारू नयेत, असा कडक नियम मला योग्य वाटतो. ज्या प्राण्याचा जीव आपण वापरला, त्याच्याकडून मिळालेली माहिती निष्काळजीपणाने वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

रुग्णालयातील शिक्षण

ज्यांना रुग्णांवर कधीच उपचार करायचे नाहीत, त्यांनीही काही आठवडे रेडिओलॉजीच्या रिपोर्टिंग खोलीत आणि कर्करोगतज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत बसावे. शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि औषधोपचारतज्ज्ञ तीच प्रतिमा पाहून वेगवेगळे प्रश्न विचारतात, ते ऐकण्यासारखे असते. स्कॅनरमध्ये निश्चल पडून राहणे रुग्णाला किती जड जाते, हेही एकदा जवळून पाहावे; आणखी दहा मिनिटांचे स्कॅन जोडू या, असे प्रस्तावात लिहिताना मग हात जपून चालतो.

उपचाराला मिळालेला प्रतिसाद मोजण्याचे रेसिस्ट निकष प्रत्यक्ष वापरून शिकवावेत. २००९ च्या सुधारित आवृत्तीनुसार जास्तीत जास्त पाच गाठी निवडतात, एका अवयवातील दोनपेक्षा अधिक नाहीत, आणि त्यांच्या व्यासांची बेरीज करतात. ही बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद मानतात. नोंदलेल्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली तर आजार बळावला असे धरतात. दोन विद्यार्थ्यांना एकमेकांचे आकडे न दाखवता त्याच गाठी मोजायला द्याव्यात. १२ मिलिमीटरची गाठ एकाने ११ आणि दुसऱ्याने १३ मोजली, तर फरक सुमारे १७ टक्के होतो. निकषात किमान ५ मिलिमीटरची अट का आहे, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

व्यास हे अपुरे माप आहे, हेही उदाहरणाने दाखवावे. जठर व आतड्यांतील जीआयएसटी प्रकारच्या गाठींवर इमॅटिनिब हे औषध लागू पडते तेव्हा काही दिवसांतच एफडीजीचे प्रमाण उतरते आणि सीटीवर गाठीची घनता कमी होते, पण आकार बराच काळ तसाच राहू शकतो. इम्युनोथेरपीत काही रुग्णांच्या गाठी आधी वाढलेल्या दिसतात आणि नंतर लहान होतात; त्यासाठी २०१७ मध्ये निकषांची वेगळी आवृत्ती करावी लागली.

पॅथॉलॉजीशी तुलना करताना एक काम विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घ्यावे. काढलेल्या गाठीचा काप कोणत्या दिशेने घेतला गेला, फॉर्मॅलिनमध्ये ऊती किती आकसल्या आणि तो काप प्रतिमेच्या नेमक्या कोणत्या स्तराशी जुळतो, हे त्यांनी पॅथॉलॉजिस्टसोबत बसून ठरवावे. ही जुळणी वेळखाऊ असते आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. ती नीट झाली नसेल, तर प्रतिमा आणि पेशी यांच्यातील नाते सांगणारा आलेख कितीही देखणा असला तरी त्याला आधार नसतो.

आकड्यांची विश्वासार्हता

संख्याशास्त्र स्वतंत्र वर्गात शिकवून सोडून देऊ नये. ते विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मोजमापांवर शिकवावे. उपचार न बदलता थोड्या दिवसांच्या अंतराने त्याच रुग्णांचे दोन स्कॅन केले, तर आकडे किती हलतात, हा पहिला प्रश्न. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लोकप्रिय केलेला फरक विरुद्ध सरासरी हा आलेख इथे काढायला लावावा आणि केवळ सहसंबंध गुणांक देऊन सुटका करून घेऊ देऊ नये, कारण दोन मापनांत उच्च सहसंबंध असूनही ती एकमेकांपासून बरीच दूर असू शकतात. एकाच व्यक्तीच्या पुन्हा केलेल्या मोजमापांतील प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याला) २.७७ ने गुणले की, ज्याच्या पलीकडचा बदल ९५ टक्के खात्रीने खरा मानता येतो, अशी मर्यादा मिळते. समजा एसयूव्हीत हे विचलन १० टक्के आहे. मग एखाद्या रुग्णात २८ टक्क्यांहून कमी घट दिसली, तर औषध लागू पडले असे त्या एका रुग्णाबद्दल म्हणता येणार नाही. औषधचाचणीच्या आराखड्यात विद्यार्थी सहभागी होणार असतील, तर हे गणित त्यांना झोपेतून उठवले तरी यायला हवे.

डेटा आणि संगणक

डायकॉम, म्हणजे वैद्यकीय प्रतिमा साठवण्याच्या प्रमाणित, फाइलमध्ये प्रतिमेसोबत किती माहिती दडलेली असते, ती विद्यार्थ्यांनी एकदा ओळीने वाचून पाहावी. साठवलेल्या संख्येचे खऱ्या एककात रूपांतर करणारे गुणक तिथेच असतात आणि रुग्णाची ओळखही तिथेच असते. नाव पुसले म्हणजे ओळख गेली असे नाही. डोक्याच्या सीटी किंवा एमआरआयवरून चेहऱ्याचा आकार पुन्हा उभा करता येतो. सरावासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पाठबळाने चालणारा द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह हा खुला संग्रह चांगला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची ओढ सर्वांना आहे आणि ती थोपवण्याचे कारण नाही. फक्त एक चूक प्रत्येकाला मुद्दाम करून दाखवावी: प्रतिमांचे स्तर यादृच्छिकपणे प्रशिक्षण व चाचणी संचांत वाटावेत, म्हणजे एकाच रुग्णाचे शेजारचे स्तर दोन्हीकडे जातात आणि अचूकता थक्क करण्याइतकी येते, मग रुग्णागणिक विभागणी करून तीच प्रणाली पुन्हा तपासावी. हा फरक स्वतःच्या पडद्यावर पाहिल्यावर इतरांचे शोधनिबंध वाचण्याची नजर बदलते. प्रतिमांतून शेकडो गुणधर्म काढण्याच्या रेडिओमिक्स पद्धतीतही अशीच दक्षता हवी: रुग्ण पन्नास आणि गुणधर्म पाचशे असतील, तर काही ना काही जुळणारच. गुणधर्मांच्या व्याख्यांसाठी २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने १६९ गुणधर्मांची प्रमाणित मूल्ये प्रसिद्ध केली आहेत. आपला प्रोग्राम आधी त्यांच्याशी ताडून पाहावा.

प्रबंध आणि मूल्यमापन

पहिला प्रकल्प लहान असावा आणि उपलब्ध डेटाच्या पुनर्विश्लेषणाचा असावा, म्हणजे यंत्र बंद पडले किंवा परवानगी लांबली तरी काम अडत नाही. मुख्य प्रकल्पासाठी नीतिमत्ता समितीची मान्यता, रुग्णांची संमती आणि समस्थानिकांचा पुरवठा या तिन्ही गोष्टींना अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो, हे धरूनच वेळापत्रक करावे. विश्लेषणाची पद्धत डेटा पाहण्यापूर्वी लिहून तारखेसह ठेवावी. अपेक्षित परिणाम मिळाला नाही तरी मोजमाप चोख असेल तर प्रबंध मान्य होईल, असे मार्गदर्शकांनी आरंभीच शब्द देऊन सांगावे. हा शब्द मिळाला नाही की विद्यार्थी हव्या त्या उत्तराच्या मागे लागतात आणि त्याची किंमत पुढे रुग्णांना मोजावी लागते.

दरवर्षीची परीक्षा तोंडी घ्यावी. विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेली एक प्रतिमा आणि तिच्यातून काढलेला एक आकडा समोर ठेवावा आणि अर्धा तास प्रश्न विचारावेत. परीक्षकांत एक भौतिकशास्त्राचा, एक जीवशास्त्राचा आणि एक रुग्ण पाहणारा असावा. त्यासोबत विद्यार्थ्याने आपले काम रुग्णांच्या एखाद्या गटासमोर सोप्या शब्दांत मांडावे. तिथे येणारे प्रश्न परीक्षकांच्या प्रश्नांहून अनेकदा अवघड असतात.

शेवटच्या सहा महिन्यांत लेखनाबरोबर हस्तांतराचे काम करून घ्यावे. मूळ डेटा, प्रोग्राम, फँटमच्या नोंदी आणि वगळलेल्या प्रतिमांची कारणांसह यादी नव्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. त्या नव्या विद्यार्थ्याने, पहिल्याला काहीही न विचारता, प्रबंधातील एखादा मुख्य तक्ता पुन्हा तयार करावा. तो जुळला नाही, तर दोघांनी एकत्र बसून कारण शोधावे आणि त्यानंतरच प्रबंध सादर करण्याची परवानगी द्यावी.